नव्या रंगाचा वास, जुनी घाई

दसरा उलटला की नागपुरात घरोघरी शिड्या उभ्या राहू लागतात. पावसाळ्याने भिंतींवर उमटविलेले डाग दिवाळीपूर्वी पुसले जावेत, ही गृहस्थाची इच्छा स्वाभाविक आहे. महालातील जुन्या वाड्यांपासून वर्धा मार्गावरील नव्या सदनिकांपर्यंत या दिवसांत रंगाऱ्यांना उसंत नसते. बोनस हाती पडेपर्यंत काम लांबते, धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री कसाबसा शेवटचा हात दिला जातो आणि ज्या घरात फराळाचा सुगंध दरवळावा तेथे टर्पेंटाइनचा उग्र दर्प कोंडून राहतो. डोळे चुरचुरतात, डोके जड होते, दम्याचा रुग्ण रात्रभर उठून बसतो. 'नवा रंग आहे, वास यायचाच,' एवढ्यावर विषय संपविला जातो. तो तेथे संपू नये.

एके काळी हा प्रश्न घरांना ठाऊक नव्हता. भिजविलेल्या चुन्यात थोडी नीळ मिसळून भिंतींवर हात फिरविला की काम झाले. चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. त्यातून उडून जाते ते केवळ पाणी. अर्थात त्या चुन्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तो कपड्यांना लागे, पावसाळ्यात पोपडे धरी आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागे. म्हणूनच धुता येणारे, टिकाऊ रंग लोकांनी आपलेसे केले. परंतु त्या टिकाऊपणाबरोबर घरात काय आले, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

ऑइलपेंट पातळ राहावा म्हणून त्यात खनिज तेलापासून काढलेली द्रावके असतात. रंग वाळतो म्हणजे ही द्रावके भिंतीवरून उठून खोलीच्या हवेत मिसळतात. पुढे रंगाचा थर हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होतो आणि त्या क्रियेतूनही दर्प असलेली द्रव्ये दीर्घकाळ बाहेर पडत राहतात. बोटाला रंग लागत नाही, म्हणजे भिंत वाळली असे नव्हे. पाण्यात कालवावयाच्या इमल्शनमध्ये हा त्रास पुष्कळच कमी असतो, पण तो मुळीच नसतो असे नाही. आठवड्यांनंतरही आंबट किंवा कुजका वास येत असेल, तर डबा उघडण्यापूर्वीच रंग नासला होता, किंवा ओल जिरण्याआधीच भिंत रंगविली गेली, अशी शंका घ्यावी. अशा भिंतीवर आणखी एक हात देणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय.

या वासावर घरगुती उपाय पुष्कळ सांगितले जातात. कापलेला कांदा, पाण्याची बादली, कोळशाची टोपली यांपैकी कोळसा थोडेफार शोषून घेतो, हे खरे. पण खोलीभर हवेपुढे टोपलीभर कोळशाचा पाड तो काय लागणार? उदबत्ती लावणारे तर एका धुरात दुसऱ्याची भर घालतात, आणि द्रावकांच्या वाफा कोंडलेल्या खोलीत ज्योत पेटविणे हे आगीला निमंत्रणच असते. शिवाय नाक लवकर सरावते. घरच्या माणसाला वास येईनासा होतो, तरी पाहुणा उंबऱ्यावरच थबकतो.

खरा उपाय दोनच गोष्टींत आहे: वाहती हवा आणि पुरेसा वेळ. नागपूरकरांच्या हाताशी तर त्याचे साधन आहेच. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालविला आणि समोरची खिडकी उघडी ठेवली, तर कोंडलेली हवा बाहेर जाते. छताचा पंखा तीच हवा घुसळतो. वातानुकूलन यंत्रही बहुधा तीच हवा थंड करून परत देते. रंगकाम सणाच्या दोन-तीन आठवडे आधी संपविले आणि तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध यांना काही दिवस त्या खोलीत झोपविले नाही, तर निम्मा प्रश्न सुटतो.

हेच शाळा-कचेऱ्यांनाही लागू आहे. उन्हामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस, उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मे महिन्याची धग द्रावके उडवून लावण्यास मदतच करते. मात्र त्यासाठी वर्ग उघडे हवेत. सुटीभर कुलूप लावून शाळा उघडण्याच्या तोंडावर भिंती रंगविणे म्हणजे साऱ्या सुटीने देऊ केलेली सवलत नाकारून तो दर्प पन्नास मुलांच्या छातीत भरणे होय.

गृहस्थाला हा वास आठवडाभर सोसावा लागतो. रंगाऱ्याला तो आयुष्यभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसाय 1989 सालीच कर्करोगकारक ठरविला. तरीही भिंतीवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद करून घेणारे मालक आहेत, आणि तोंडाला रुमाल बांधून बारा तास राबणारे रंगारीही आहेत. मजुरी ठरविताना खिडकी उघडी राहील, एवढी हमी तरी त्याला मिळावी.

सर्वच काही व्यक्तीच्या शहाणपणावर सोडता येत नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम केंद्र सरकारने 2016 साली केला आणि तो पुढील वर्षी अमलात आला. शिशाला वास नसतो. तरीही कायद्याने त्याची दखल घेतली. मग जे प्रत्येक नाकाला कळते त्याविषयी मौन का? युरोपात भिंतींच्या साध्या रंगातील उडून जाणाऱ्या द्रव्यांवर 2010 पासून लिटरमागे 30 ग्रॅमची मर्यादा आहे. आपल्याकडे 1991 साली मातीच्या घड्याचे 'इकोमार्क' चिन्ह आले, पण ते घेणे न घेणे उत्पादकाच्या मर्जीवर राहिले. डब्यावर 'गंधहीन' छापणे सोपे आहे. लिटरमागे किती ग्रॅम द्रावक आहे, हा आकडा मराठीत छापणे सक्तीचे व्हावे. पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, 'नीरी', 1958 पासून नागपुरातच आहे. शाळा केव्हा व कशा रंगवाव्यात याचे साधे पत्रक तिच्या सल्ल्याने काढणे महापालिकेला कठीण जाऊ नये.

दिवाळी दरवर्षी येते आणि तिची तारीख पंचांगात आधीच छापलेली असते. तरीही भिंती दरवर्षी आदल्या रात्रीच ओल्या असतात. या घाईची किंमत घरात श्वास घेणारे मोजतात, आणि त्यांत सर्वांत लहान श्वास सर्वांत अधिक मोजतो, एवढे पुढच्या वेळी रंगाऱ्याला बोलाविताना आठवावे.