शांततेच्या वाटाघाटी आणि पाण्याचा वाटा

सुपा : अहिल्यानगर-पुणे महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. भोवतालचा मुलूख मात्र पर्जन्यछायेचा आहे. अशा अवर्षणप्रवण भागात इस्रायलचे नाव निघते ते बहुधा ठिबक सिंचनाच्या संदर्भात. हात्झेरिम या किबुत्झमध्ये १९६५ साली नेटाफिम कंपनी सुरू झाली आणि थेंबाथेंबाने पिकाला पाणी देण्याचे तंत्र जगभर पोहोचले. पाण्याची काटकसर जगाला शिकवणाऱ्या या देशाचा पॅलेस्टिनींशी असलेला संघर्षही बऱ्याच अंशी पाण्याभोवती फिरतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. सीमा, जेरुसलेम, निर्वासित आणि वसाहती या प्रश्नांपुढे पाणी मागे पडते.

१९६७ च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक ताब्यात घेतली आणि त्याच वर्षी लष्करी आदेश काढून तेथे विहीर खोदण्यासाठी परवाना बंधनकारक केला. वेस्ट बँकच्या डोंगररांगांवर पडणारा पाऊस जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून इस्रायलच्या हद्दीकडे वाहतो. म्हणजे डोंगर एकाचा आणि झरे दुसऱ्याचे, अशी स्थिती आहे. १९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने पॅलेस्टिनींचा पाण्यावरील हक्क तत्त्वतः मान्य केला. परंतु त्याचा तपशील अंतिम वाटाघाटींवर सोपवला. पाच वर्षांची मुदत असलेली ही तात्पुरती व्यवस्था तीन दशके उलटली तरी कायमच राहिली.

करारानुसार संयुक्त जलसमिती नेमण्यात आली. समितीत दोन्ही पक्ष कागदावर समान होते. प्रत्यक्षात वेस्ट बँकच्या सुमारे ६० टक्के भूभागावर, म्हणजे 'क' क्षेत्रात, जलवाहिनी टाकायची तर इस्रायली लष्करी प्रशासनाची वेगळी संमती लागते. २०१० नंतर तर समितीचे कामकाजच कित्येक वर्षे ठप्प होते. 'बेत्सेलेम' या इस्रायली मानवाधिकार संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, इस्रायलमधील दरडोई पाणीवापर वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनींच्या सुमारे तिप्पट होता. गाझाची अवस्था याहून बिकट. तेथील भूजल अतिउपशामुळे आणि सांडपाण्यामुळे युद्धापूर्वीच पिण्यायोग्य राहिले नव्हते.

वरच्याने पाणी अडवायचे आणि खालच्याने हक्क सांगायचा, हा वाद नगर जिल्ह्याला नवा नाही. कुकडीच्या आवर्तनासाठी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतचा शेतकरी वरच्या जुन्नरकडे डोळे लावून बसतो. जायकवाडीच्या प्रश्नात मात्र हाच जिल्हा वरचा ठरतो आणि मुळा, प्रवरेच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ आली की येथेच विरोध सुरू होतो. हक्काची भाषा जागेनुसार कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

तरीही या वादाला एक चौकट आहे. राज्याने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. प्राधिकरणाने २०१४ मध्ये असे सूत्र ठरवले, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. आंदोलने थांबली नाहीत आणि कटुताही संपली नाही. पण वाद कायद्याच्या आवारात राहिला. याचे कारण उघड आहे. नगरचा आणि मराठवाड्याचा शेतकरी एकाच राज्याचा नागरिक आहे आणि दोघेही एकाच विधानसभेसाठी मतदान करतात. वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनींना इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. परंतु जे सरकार त्यांच्या पाण्याचा परवाना देते, त्या सरकारच्या निवडीत त्यांना मत नाही. स्वतःचे सार्वभौम राज्यही नाही. संघर्षाची गाठ येथे आहे.

इस्रायलची भीतीही निराधार नाही. २००५ मध्ये गाझातून सैन्य व वसाहती मागे घेतल्यानंतर दोनच वर्षांत तेथे हमासची सत्ता आली. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार ७० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. १० ऑक्टोबर २०२५ रोजी शस्त्रसंधी लागू झाली, तेव्हा दोन्ही समाजांतील उरलासुरला विश्वास संपलेला होता.

या अंधारात आशेला जागा आहे का? पाण्यापुरती तरी ती आहे. २००५ मध्ये अश्केलॉन येथे मोठा निःक्षारीकरण प्रकल्प सुरू झाल्यापासून इस्रायल समुद्राचे पाणी गोडे करून वापरत आहे. त्यामुळे एकाला दिले म्हणजे दुसऱ्याचे गेले, हे जुने गणित मोडले आहे. दुसरा दाखला जॉर्डनचा. १९९४ च्या शांतता करारात पाण्याचा वाटा आकड्यांसह लिहिला गेला. संबंध अनेकदा बिघडले, तरी करार टिकला. २०२१ मध्ये तर इस्रायलने जॉर्डनला आणखी पाच कोटी घनमीटर पाणी विकण्याचे मान्य केले. जॉर्डनला हे साधले, कारण तो सही करणारा सार्वभौम देश होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत द्विराष्ट्र तोडग्याचा पुरस्कार करणाऱ्या जाहीरनाम्याच्या बाजूने १४२ मते पडली. त्यांत भारताचेही मत होते. तथापि केवळ मान्यतेने राज्य उभे राहत नाही. ज्या राज्याला स्वतःच्या डोंगरावर मुरलेल्या पाण्यासाठी शेजाऱ्याचा परवाना लागेल, ते राज्य नावापुरतेच उरेल. म्हणूनच भावी करार किती टिकेल हे पाहायचे, तर त्यातील पाण्याचे कलम आधी वाचावे लागेल. वाटा ठरलेला, मोजणी उघड आणि तंटा सोडवणारा पंच दोघांना मान्य असेल, तरच शस्त्रसंधीचे रूपांतर शांततेत होण्याची शक्यता आहे.