चिखलातला शब्द

इंग्रजीतला 'स्लम्प' हा शब्द शेअर बाजारात जन्मला असावा, असं आपल्या वर्तमानपत्रांची अर्थविषयक पानं वाचताना वाटतं. तो जन्मला चिखलात. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत स्लम्प म्हणजे दलदलीत पाय जाणं. वरून जमीन धड दिसावी, भरवशानं पाऊल टाकावं आणि भस्सकन गुडघ्यापर्यंत आत जावं, ती क्रिया. शब्द बहुधा स्कँडिनेव्हियन भाषांकडून आला आणि चिखलात पडताना होणाऱ्या आवाजावरून घडला असावा, असं कोशकार म्हणतात. म्हणजे आपल्या 'धप्प', 'बदकन', 'भस्सकन' यांचाच तो लांबचा भाऊबंद. बाजारभावांना तो चिकटला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मुंबईत कापूस बसला, त्याच्यावर फुगलेले शेअर बसले, प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्य जमिनीवर आले, तेव्हा खुद्द इंग्रजांच्या बाजारातही हा शब्द रुळलेला नव्हता.

या शब्दाचा मराठ्यांशी काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध असा, की या शब्दाचा मूळ अर्थ मराठ्यांच्या इतिहासात एकदा अक्षरशः घडला आणि तो पुण्याजवळच्या खडकीच्या माळावर घडला.

५ नोव्हेंबर १८१७. दिवाळी तोंडावर आलेली. संगमावरची रेसिडेन्सी सोडून इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन खडकीच्या छावणीत आला. मागे रेसिडेन्सी जळली आणि तिच्यात त्याची पुस्तकंही जळली. इंग्रजांची फौज, दापोडीहून येऊन मिळालेली कॅप्टन फोर्डची पलटण धरूनही, जेमतेम तीन हजारांच्या आसपास. समोर गणेशखिंडीच्या बाजूला पेशव्यांची फौज तिच्या कितीतरी पट. दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. त्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी निवडक घोडदळ घेऊन इंग्रजांच्या डाव्या बगलेवर धाव घेतली. चढाई जोरकस होती. पण त्या बगलेसमोर एक खोल दलदल होती आणि ती दोन्हीकडच्या कुणालाच ठाऊक नव्हती. भरधाव घोडे तिच्यात गेले, पुढचे कोसळले, मागचे त्यांच्यावर आले, आणि समोरून बंदुकांच्या फैरी सुरू झाल्या. इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसं मिळून ८६. मराठ्यांची पाचशेच्या घरात. जरीपटक्याचे मोरोपंत दीक्षित त्याच दिवशी पडले. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पेशवाईनं मराठी भाषेला वाक्प्रचारांची कमतरता ठेवली नाही. अटकेपार झेंडा आहे, ध चा मा आहे, पानिपत तर सामान्य नामच होऊन बसलं आहे. परीक्षेत पानिपत होतं, निवडणुकीत पानिपत होतं, भारतीय संघाचं परदेशी खेळपट्टीवर पानिपत होतं. मग 'खडकी होणं' असं आपण कधीच का म्हणत नाही? पानिपतानंतर राज्य पुन्हा उभं राहिलं, थोरल्या माधवरावांनी ते सावरलं. खडकीनंतर बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि सात महिन्यांत, ३ जून १८१८ रोजी, बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले. शेवट खरा खडकीला सुरू झाला. तरी वाक्प्रचार पानिपताचा.

मला वाटतं, भाषेचा हिशेब बरोबर आहे. पानिपतावर एका दिवसात जे गेलं ते खरोखर एका दिवसात गेलं. घराघरातली माणसं गेली. खडकीला जायला फार काही उरलंच नव्हतं. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईच्या तहावर सही झाली आणि पुण्याच्या दाराशी इंग्रजांची तैनाती फौज उभी राहिली. जून १८१७ च्या तहानं पेशव्यांनी मराठा संघाचं प्रमुखपणही लिहून दिलं. पंधरा वर्षं पाणी मुरत होतं. पाचशे माणसं पडली त्या दुपारी फक्त वरचा पापुद्रा फाटला.

म्हणूनच या शेवटासाठी मराठीनं 'कोसळली' हा शब्द घेतला नाही. पेशवाई 'बुडाली' म्हणतात. बुडायला वेळ लागतो, आणि बुडणारं काठावरच्यांना बराच वेळ दिसत असतं. शिवाय त्या क्रियापदाला एक भावंड आहे, बुडवणं. पेशवाई बुडाली की बाजीरावांनी बुडवली, यावर पुण्यात आजही दोन माणसं चहा थंड होईपर्यंत भांडू शकतात. भांडण सगळं त्या एका 'व'चं आहे.

स्लम्पला असा 'व' लावता येत नाही. किमती स्लम्प होतात, मागणी स्लम्प होते, फलंदाज स्लम्पमध्ये असतो, दमलेला माणूस खुर्चीत स्लम्प होतो. प्रत्येक वेळी जे पडलं ते आपोआपच पडलं. पाऊस पडावा तसं. शब्दात कुणाचा हात दिसत नाही.

आपण त्याचं भाषांतर काय केलं? मंदी. आता, मंदी हा चांगला, जुना, बाजारात मुरलेला शब्द आहे; तेजीशी त्याची जोडी आहे. पण त्यात पडणं नाहीच. मंद म्हणजे हळू. दिवा मंद होतो, गती मंद होते. १९२९ नंतरच्या जगबुडीला आपण 'महामंदी' म्हणतो, जणू काही जग जरा सावकाश चालायला लागलं होतं. बाजारातली माणसं याहून नेमकं बोलतात. खडकी बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. तो 'मालाला उठाव नाही' म्हणेल, 'बाजार थंड आहे' म्हणेल, 'माल पडून आहे' म्हणेल. उठाव नसणं, थंड असणं आणि पडून असणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांवर तीन वेगळे उपाय आहेत. धंदाच उठण्यासारखा राहिला नाही, की तो 'बसला'. पतपेढी मात्र बसत नाही, ती बुडते. कारण तिच्यात आपण असतो.

अचानक खाली येण्याला मराठीत किती क्रियापदं आहेत, हे एकदा मोजायला बसलो आणि नाद सोडून दिला. रुपया घसरतो, कारण तो निसरड्यावर उभा असतो. पारा उतरतो. पाण्याची पातळी खालावते, पूर ओसरतो. जुना वाडा ढासळतो आणि तब्येतही ढासळते. दोन्हींत आधी पोपडे निघतात. दरड कोसळते, शेअर बाजार कोसळतो. कांद्याचे भाव गडगडतात, आणि हा शब्द ज्या बातमीदारानं पहिल्यांदा कांद्याला लावला त्याला सलाम केला पाहिजे. गोल वस्तू उतारावर सुटली की जे होतं तेच गडगडणं. शिवाय त्यात आकाशातला गडगडाट आहे. प्रत्येक वस्तूला तिच्या आकाराचं, तिच्या वजनाचं पडणं भाषेनं शिवून दिलं आहे. आता या सगळ्यांच्या जागी 'क्रॅश' आला. मार्केट क्रॅश, भाव क्रॅश, सर्व्हर क्रॅश, विमान क्रॅश. आणि त्याच दमात क्रॅश कोर्स, ज्यात कुणी पडणं अपेक्षित नसतं. इंग्रजी शब्द आला म्हणून माझी तक्रार नाही. टेबल आलं, तिकीट आलं, आपलीच झाली. तक्रार ही, की एका शब्दानं दहा शब्दांची जागा अडवली आणि त्या दहांना जे दिसत होतं ते त्याला दिसत नाही.

कधीकधी खरोखर क्रॅशच होतो, हेही कबूल. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे तेरा टक्क्यांहून जास्त, खाली आला. साथ आली होती, देश बंद होत होता. त्या दिवशी 'कोसळला' लिहिणाऱ्यांनी बरोबर लिहिलं. पाडणारा कुणी नव्हता.

कांद्याचं तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये उघडली. डिसेंबरातल्या बंदीनंतर मथळे आले: भाव गडगडले, भाव कोसळले, दरात घसरण. नाशिककडच्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र एकच शब्द होता, आणि तो सकर्मक होता. भाव पाडले. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून सरकारला असं करावं लागतं, असा युक्तिवाद असू शकतो, आणि तो ऐकण्यासारखाही आहे. पण तो युक्तिवाद करायचा तर आधी 'पाडले' हे मान्य करावं लागतं. 'गडगडले' म्हटलं की वादाला जागाच उरत नाही. कांदा गोल आहे, गडगडणारच.

आपल्या भाषेत ही सोय फुकट मिळालेली आहे. पडणं-पाडणं, बुडणं-बुडवणं, बसणं-बसवणं, घसरणं-घसरवणं. एक मात्रा किंवा एक अक्षर बदललं की कर्ता समोर येऊन उभा राहतो. सरकार पडलं आणि सरकार पाडलं यांतला फरक महाराष्ट्रातल्या मतदाराला समजावून सांगायची गरज नाही. गेल्या काही वर्षांत त्याचा क्रॅश कोर्स झालेला आहे. तरी अर्थव्यवहाराच्या बातम्या लिहिताना आपण नेमका पहिला, कर्ता नसलेला शब्द उचलतो. इंग्रजी बातमीचं भाषांतर करताना तोच हाती लागतो, हे एक कारण. दुसरं असं, की 'पाडले' लिहिलं तर पुढच्या वाक्यात 'कुणी' लिहावं लागतं.

स्लम्प हा शब्द रोज, मोजूनमापून आणि बिनचूक वापरणारी माणसं पुण्यात आहेत, पण ती दलाल स्ट्रीटकडे तोंड करून बसलेली नाहीत. ती बांधकामाच्या साइटवर आहेत. खडकीतून मेट्रो गेली, तिचे खांब उभे राहिले, तेव्हा त्या काँक्रीटलाही हा शब्द लागला असणार. 'स्लम्प किती आला?' हा तिथला रोजचा प्रश्न. तीनशे मिलिमीटर उंचीचा लोखंडी शंकू, वर शंभर आणि खाली दोनशे मिलिमीटर रुंद. त्यात ताजं काँक्रीट, ज्याला साइटवर नुसतं 'माल' म्हणतात, थराथरानं भरायचं, प्रत्येक थराला सळईनं पंचवीस ठोसे द्यायचे. मग शंकू अलगद सरळ वर उचलायचा. आधार गेला की माल खाली बसतो. शंकू बाजूला उभा करून त्यावर सळई आडवी ठेवायची आणि ढीग किती मिलिमीटर खचला ते पट्टीनं मोजायचं. तो आकडा म्हणजे स्लम्प. खचू नये अशी अपेक्षा तिथे नसतेच. जितका हवा तितकाच खचावा, एवढी असते.

माल कधी नीट बसतो, कधी एका बाजूला सरकतो. आणि कधी शंकू उचलताच शेणासारखा पसरतो. तसा पसरला, की जरा जुना असलेला कुठलाही सुपरवायझर ढिगाकडे बघत बसत नाही. तो वळून मिक्सरच्या ड्रायव्हरकडे बघतो आणि विचारतो, "पाणी कुणी घातलं रे?"