बळीराजाच्या सणाला घुबडाचा बळी

आश्विन वद्य अमावास्येला घरोघर लक्ष्मीपूजन होतें. त्याच रात्रीं उत्तर हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं एक विलक्षण गुन्हा घडतो. मांत्रिकाच्या सांगण्यावरून कोणी शेठ जिवंत घुबड विकत आणवितो आणि धन वाढावें म्हणून त्याचा गळा चिरतो. नखें, हाडें, पिसें ताइतांत जातात. 'ट्रॅफिक' नांवाच्या संस्थेनें 2010 सालीं चौकशी प्रसिद्ध केली, तींत आपल्या देशांतील 30 जातींपैकीं 15 जातींचीं घुबडें बाजारांत सांपडल्याचें नमूद आहे. दिवाळी आली कीं मागणी वाढते. 1972 च्या कायद्यानें हें पांखरूं पकडणें, विकणें, मारणें सारेंच गुन्हा. पण लोभापुढें कायदा कोण विचारतो?

मांत्रिक म्हणतो, घुबड हें लक्ष्मीचें वाहन. बरें तर! पाटलाची घोडी मारून पाटलाची मर्जी संपादणारा शहाणा तुम्ही कोठें पाहिला आहे काय? वाहन मेलें म्हणजे लक्ष्मीला घर सोडतां येत नाहीं, असेंही सांगणारे आहेत. म्हणजे देवी काय, सावकाराच्या दावणीला बांधलेली गहाणाची गाय झाली! बंगाल्यांत ह्याच वाहनपणामुळें घुबडाला मान आहे. देवी तीच, पांखरूं तेंच. एकीकडे आदर, दुसरीकडे सुरी. शास्त्र कोणतें खरें, हें मांत्रिकानेंच सांगावें.

आपण मात्र फार हंसूं नये. घुबड आढ्यावर बसलें कीं आपण दगड उचलतों. गुप्तधनाच्या नादानें मांडूळ विकणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रांतच पकडल्या जातात. पहांटे पिंगळा दारीं आला तर त्याला सुपांतून दाणे घालतों, आणि ज्या पांखराचें नांव तो लावतो तें अशुभ म्हणतों!

नुकसान कोणाचें तें पहा. गव्हाणी घुबड एका रात्रींत दोन-तीन उंदीर सहज खातें. खोटें वाटेल त्यानें पडक्या देवळांत जावें. तेथें घुबडानें ओकलेल्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. एक काडीनें फोडावी, उंदरांच्या कवट्या मोजून घ्याव्या. माझ्या शाळेंतील पोरें हें मोठ्या हौसेनें करितात. मलेशियांत पामतेलाच्या मळ्यांतून घुबडांसाठीं मुद्दाम पेट्या टांगतात. आम्ही दुकानांतून उंदरांचें विष उधार आणतों आणि तें खाल्लेला उंदीर खाऊन उरलेंसुरलें घुबडही मरतें.

जोतीरावांनीं 1883 सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत सणासणाला शेतकरी कसा नागविला जातो तें दाखविलें. तेव्हां दक्षिणा घरांतून जात होती; आतां शेताचा राखणदारच जातो. फांसे टाकणाऱ्या गरिबाच्या हातीं चार रुपये येतात आणि बेड्याही त्यालाच. शेठ आणि मांत्रिक पूजेला मोकळे.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीं बळीप्रतिपदा, आपल्या बळीराजाचा दिवस. त्याच्या आदल्या रात्रीं हा असला बळी! पुरंदर तालुक्यांतील पिंगोरीस 2018 पासून घुबडांचा उत्सव सुरू झाला, तसें आपल्या गांवींही करतां येईल. तूर्त एवढें करा: दिवाळीपूर्वीं कोणी घुबडाची चौकशी करीत आला, तर त्याला चहा पाजून बसवून ठेवा, गाडीचा नंबर लिहून घ्या आणि पोरास वनरक्षकाकडे पिटाळा.