पाखरांच्या वाट्याचे पाणी

निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा १९११ साली पुरा झाला. अवर्षणाच्या मुलखाला कालव्याने पाणी द्यावे, एवढाच बांधणाऱ्यांचा हेतू होता. पुढे बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे तयार झाली आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरू लागले. शासनाने १९८६ मध्ये हे अभयारण्य घोषित केले. २०२० च्या जानेवारीत ते रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. या गौरवाचा आनंद आहेच. तथापि गौरवाने पाणी मिळत नाही.

रामसरच्या नोंदीत येथील ५३६ जातींचा उल्लेख आहे. त्यांत अतिसंकटग्रस्त अशी गिधाडांच्या दोन जातींची आणि देवळालीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका चिमुकल्या माशाची गणना होते. गिधाडांची कथा बोधप्रद आहे. त्यांचा संहार शिकाऱ्यांनी केला नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने केला. म्हणून उपायही रखवालदार वाढवण्यात नव्हता, तर औषधबंदीत होता. ती बंदी २००६ मध्ये आली. संकटाचे मूळ आर्थिक व्यवहारात असेल, तर नुसत्या कुंपणाने ते टळत नाही.

नांदूरमध्यमेश्वरचे दुखणे याच जातीचे आहे. वर गंगापूर व दारणा ही धरणे, मध्ये नाशिक शहर व कारखाने, बंधाऱ्यापासून कोपरगाव-राहात्याकडे जाणारे कालवे, खाली जायकवाडी. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले, आणि तेव्हापासून नाशिक, अहिल्यानगर व मराठवाडा यांच्यात न्यायालयापर्यंत वाद गेले. प्रत्येकाची तहान खरी आहे. परंतु आवर्तन केव्हा सुटावे हे ठरताना पाणथळीचा विचार झाला नाही, तर पाणी अचानक उतरते किंवा चढते. चिखलात भक्ष्य शोधणाऱ्या पाणपक्ष्यांना खोल पाणी निरुपयोगी, आणि कोरडा तळ तर सर्वांनाच घातक.

दुसरीकडे, शहराचे सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खते यांवर पाणवेली पोसते. ती पाणी झाकून टाकते, खालचा प्राणवायू घटवते आणि मासे गुदमरतात. शहर आपल्या स्वच्छतेचा खर्च असा नदीच्या खाती टाकते. तो फेडतो खालचा मासेमार, ज्याचे जाळे रिकामे येते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या मराठीत हा दुसऱ्याच्या माथी मारलेला खर्च होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पिकांच्या मागणीबरोबर पाणथळीची हंगामवार मागणीही वन विभागाने लेखी मांडावी. सांडपाण्याचा थेंबही प्रक्रियेवाचून नदीत जाऊ नये. सिंहस्थात तर मुळीच नाही. अभयारण्याच्या कारभारात चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव येथील ग्रामसभांना व मासेमारांना आवाज असावा. ज्यांच्यावर निर्बंध येतात, त्यांना निर्णयातून वगळणे हा अन्यायच आहे.

पाखरे अर्ज करीत नाहीत, मोर्चाही काढीत नाहीत. मासेमारांना कालव्याच्या बैठकीचे आमंत्रण नसते. निफाड व नाशिकच्या कार्यकर्त्यांनी येत्या आवर्तनाच्या बैठकीपूर्वी या गावांत जावे, मागण्या लिहून घ्याव्यात आणि त्या सभेपुढे ठेवाव्यात. पाण्याच्या न्याय्य वाटणीचा आपला आग्रह दुबळ्यात दुबळ्या वाटेकऱ्यापर्यंत पोहोचला, तरच तो खरा.