मूल अठराचं झालं की फाईल कुठं जाते?

बेळगाव : "पोरगं अठराचं झालं म्हणून काय माझं नव्हं काय ओ?" खानापूर तालुक्यातल्या एका आईनं बँकेच्या काउंटरवर विचारलेला हा प्रश्न. मुलगा बौद्धिक दिव्यांग. त्याच्या खात्यावर येणारे पैसे इतकी वर्षं ती स्वतःच्या सहीनं काढत होती. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि बँकेनं त्याची सही मागितली, नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र. मुलाला सही येत नाही. प्रमाणपत्र कुठं मिळतं ते काउंटरवरच्या माणसालाही सांगता आलं नाही. त्याच वर्षी मुलाची शाळाही सुटली होती.

बँकेनं नियमाबाहेर काही केलं नाही. कायद्यानं अठरा वर्षं पूर्ण झालेला माणूस सज्ञान. त्याच्या वतीनं आईनं सही करायची असेल तर तिला तसा अधिकार कुणीतरी द्यावा लागतो. प्रश्न इतकाच, की हे त्या आईला सतराव्या वर्षी कुणी का सांगितलं नाही? शाळेनं, तालुक्याच्या बीईओ ऑफिसनं, पेन्शन मंजूर करणाऱ्या कचेरीनं, यांपैकी एकानं तरी? त्या मुलाची जन्मतारीख या तिन्ही ठिकाणच्या कागदावर होती.

दिव्यांगांसाठी योजनाच नाहीत, असं आपण सरसकट म्हणतो. ते खरं नाही. योजना आहेत, कायदेही आहेत. नाही ते एवढंच, की एका टेबलावरचं काम संपलं की फाईल पुढच्या टेबलावर नेऊन देणारं कुणी नाही. ती फाईल आईच्या पिशवीत राहते. सीमाभागात तर पिशवी घेऊन कुठल्या राज्यात जायचं, इथूनच सुरुवात.

शाळेपर्यंत बरं चाललेलं असतं

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, मग ती शेजारची शाळा असो वा विशेष शाळा. इतर मुलांना हा हक्क चौदापर्यंतच आहे. शाळेत जाऊच न शकणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात घरी येऊन शिकवण्याची सोय आहे. कर्नाटकात तालुका पातळीवर त्यासाठीचे विशेष शिक्षक असतात, बीआयईआरटी म्हणतात त्यांना. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ता असतो. तो बहुधा स्वतःच दिव्यांग आणि तुटपुंज्या मानधनावर राबणारा. गावात कुणाच्या घरी असं मूल आहे हे त्याला तोंडपाठ असतं. ही व्यवस्था कर्नाटकाची जमेची बाजू आहे, ती मान्य करायला हवी.

शिक्षक पुरेसे नाहीत, हेही तितकंच खरं. प्राथमिकला दहा विशेष मुलांमागं एक आणि त्यापुढं पंधरामागं एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं. पदंच निघाली नाहीत म्हणून ७ मार्च २०२५ ला न्यायालयाला पुन्हा सगळ्या राज्यांना आदेश द्यावा लागला.

आपल्याकडं त्यात भाषेची भर पडते. घरात मराठी, थेरपीला गेलं की कन्नड किंवा इंग्रजी. चार शब्द जमवायला ज्या मुलाला चार वर्षं लागली, त्याला "नीर" आणि "पाणी" यांत घोटाळा होणारच. मग पालकांना सल्ला मिळतो, घरी मराठी बोलू नका. हा सल्ला ऐकू नये. आईची भाषा काढून घेतली की मूल दुसरी भाषा लवकर शिकतं, असं नाही. घरात त्याच्याशी मनापासून बोलणारं माणूस मात्र कमी होतं. बुद्ध्यांक तपासतानाही हाच मुद्दा येतो. प्रश्नच कळला नाही तर उत्तर कुठून येणार? अजूनही वापरात असलेली बिने-कामत चाचणी आपल्या शेजारच्या धारवाडात तयार झाली. १९३० च्या दशकात वि. वि. कामत यांनी बिने चाचणीचं रूपांतर केलं, ते कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला जे सुचलं ते आजच्या तपासणी शिबिरात कुणाला सुचत नसेल, तर पालकांनी तोंड उघडून मागावं. मराठीत विचारा म्हणावं.

अठराव्या वर्षी एकदम तीन गोष्टी

अठरा पूर्ण झाले की तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडतात. मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. आईवडिलांच्या सहीचा अधिकार संपतो. आणि लहानपणी मुदतीचं प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर तपासणीला पुन्हा जावं लागतं. एखादीच गोष्ट असती तर घर ती पेलतं. तिन्ही एकदम आल्यावर बहुतेक घरांत एकच होतं. मूल घरी बसतं आणि आईची मजुरी किंवा नोकरी सुटते.

यातली पालकत्वाची गोष्ट सर्वांत कमी माहीत आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, चार प्रकारांसाठी आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता. या कायद्याखाली जिल्ह्याला एक स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडं डीसी, न्यासाकडं नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, असे तिघं. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं पालकत्व ही समिती देते. कोर्टात जावं लागत नाही. समितीनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं कायद्यातच लिहिलंय. समितीनं दिलेलं प्रमाणपत्र बँकांनी मानावं, असं रिझर्व्ह बँकेनंही सांगून ठेवलंय.

मी कॉमर्सचा, त्यामुळं पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पालकत्व म्हणजे नुसता सहीचा परवाना नव्हे. मुलाची मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकानं सहा महिन्यांच्या आत तिची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब द्यायचा असतो. किती पालक देतात आणि किती समित्या मागतात, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारण्याजोगा आहे. आईवडील आहेत तोवर हिशोब नसला तरी चालून जातं. उद्या चुलत्याच्या किंवा भावाच्या हातात पालकत्व गेलं, की तेवढा एकच कागद त्या मुलाच्या बाजूनं उभा असतो.

आणि प्रत्येक मुलाला पालक नेमायलाच हवा असंही नाही. दृष्टिहीन, कर्णबधिर किंवा चालता न येणाऱ्या सज्ञान माणसाला पालकाची गरज नाही. त्याच्याकडून पालकत्वाचा कागद मागणारा अधिकारी चुकतोय. ज्याला पैशाचा व्यवहार थोडाफार समजतो, अंगठा लावता येतो, त्याचं खातं त्याच्याच नावानं चालू ठेवणं बरं. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची वाट आहे. एखाद्या कामापुरती, ठरावीक मुदतीपुरती, आणि मुलाशी बोलून घेतलेली. एटीएमच्या सोयीसाठी मुलाचा सगळा अधिकार काढून घेणं हे जड औषध आहे.

इथं सीमा आडवी येते

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं, तसं कायद्यातच म्हटलंय. रेल्वेची सवलत सीमा ओळखत नाही. सोबतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग मुलाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपरमध्ये ७५ टक्के सूट आहे, ती बेळगावातून मिरजेला जाताना तशीच राहते. नॅशनल ट्रस्टचा निरामय विमाही देशभराचा. वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्चही येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी मराठीत देता येते, मग घर कारवारला असो की भालकीला.

पैसे मात्र राज्याचे, आणि राज्याचे पैसे रहिवासाच्या दाखल्यावर. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झालं. त्यासाठी १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याची अट आहे. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेलाही १५ वर्षांच्या रहिवासाची अट आहे. केंद्राची पेन्शन सगळीकडं आहे, पण ती ८० टक्क्यांपुढच्या दिव्यांगांना, दारिद्र्यरेषेखालच्या घरांना, आणि केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. ३०० रुपयांत काय होतं ते सांगायला नको.

या अटी कागदावर रास्त दिसतात. पण आपल्याकडं सोयरीक सीमा बघून होत नाही. चंदगडची मुलगी बेळगाव तालुक्यात पडते, निपाणीची कागलात, खानापूरची गोव्यात. मूल असं जन्मलं म्हणून, किंवा नवरा गेला म्हणून, बाई मुलाला घेऊन माहेरी येते. हे आपण आपापल्या गावात पाहिलेलं आहे. माहेर बारा किलोमीटरवर, पण दुसऱ्या राज्यात. तिथं तिचं आणि मुलाचं नाव रेशन कार्डावर चढायला वर्ष जातं आणि रहिवासाची वर्षं शून्यापासून मोजली जातात. ज्या बाईला मदतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच ही अट सर्वांत जास्त बसते.

दवाखान्याचंही तसंच. चंदगडचा माणूस औषधपाण्याला बेळगावात येतो, गडहिंग्लजपेक्षा त्याला तेच जवळ. प्रमाणपत्रासाठी मात्र त्याला कोल्हापूरला पाठवलं जातं. इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. दिव्यांगत्वाच्या उपचारासाठी ज्या सरकारी रुग्णालयात मूल जात आहे किंवा गेलेलं आहे, तिथंही प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याची तरतूद नियमांत आहे. फक्त रुग्णालय सरकारी हवं. खासगी दवाखान्याचे कागद कितीही जाड असले तरी त्या कामाचे नाहीत.

सीमाप्रश्नाचं राजकारण या मुलांपर्यंत कधी पोचलंय? २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांचा ठराव केला. पुढं २०२३ मध्ये या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू झाली आणि कर्नाटकानं त्यावर आक्षेप घेतला. ऑपरेशनच्या बिलावरून दोन सरकारं भांडली. अठरा वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग मुलाला दिवसभर कुठं ठेवायचं, यावरून भांडायलाही कुणी आलं नाही. खरं तर या प्रश्नात भांडण्यासारखं काही नाहीच. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि उत्तर गोवा या चार जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी वर्षातून एकदा बसून सीमेपलीकडं गेलेल्या मुलांची नावं एकमेकांना दिली, तर निम्म्या आयांची पायपीट वाचेल. त्याला ना ठराव लागतो ना निकाल.

आमच्यामागं कोण?

पालक जमले की शेवटी बोलणं इथंच येतं. एकत्र निवासाची केंद्रं फार थोडी, आणि मराठीत बोलणारी त्याहून थोडी. त्यामुळं भरवसा भावंडांवर आणि जमिनीवर. जमिनीचं सांगायचं तर वारसा लागताना दिव्यांग मुलाचं नाव उताऱ्यातून गळतं. "त्याला काय करायचंय जमीन, आम्ही बघतोच की" असं म्हणून भाऊबंद सह्या करतात. हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानं आजार, दोष किंवा व्यंग यामुळं कुणाचाही वारसाहक्क जात नाही. सातबारा असो वा इकडची आरटीसी, नाव लागलंच पाहिजे. नाव नसेल तर पुढं पालक नेमून तरी तो सांभाळणार काय?

नोकरदार घरांसाठी एक आणखी. दिव्यांग अवलंबितासाठी आयकरात ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५,००० ची आहे, तीव्र दिव्यांगत्वाला १,२५,००० ची. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि आता न सांगता लागू होते ती नवी. उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर नव्या प्रणालीत कर नाहीच, मग प्रश्न मिटला. त्याच्या वर असणाऱ्यांनी दोन्हीकडचा हिशोब एकदा मांडून बघावा. नव्याकडं डोळे झाकून जाऊ नये.

तोवर घरच्यांनी करायचं ते काम मुलाच्या सोळाव्या वर्षीच सुरू करावं. जन्मदाखला, आधार, यूडीआयडी कार्ड आणि रेशन कार्ड यांवरचं नाव एकसारखं आहे का ते पाहावं. कानडी, मराठी आणि इंग्रजीत नाव फिरताना "गवळी"चं काहीही होतं, आणि समितीपुढं अर्ज अडतो तो तिथंच. अठरा पूर्ण झाल्याच्या महिन्यात पालकत्वाचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शिक्षण खात्याकडं मागावं ते एवढंच, की सोळा वर्षांच्या प्रत्येक विशेष मुलाची यादी दरवर्षी डीसी ऑफिसला आणि दिव्यांग कल्याण खात्याला जावी. यादी त्यांच्याकडं आहेच. लिफाफा तेवढा हवा.

खानापूरच्या त्या आईला गावच्या व्हीआरडब्ल्यूनं समितीचं नाव सांगितलं. तिनं अर्ज दिलाय. पोचीचा कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख तिला अजून कळलेली नाही. खात्यावरचे पैसे तसेच पडून आहेत.