दोन नोंदींतून काय उरावे?

मंडळाची सभासदयादी, वाचनालयाचे रजिस्टर आणि गणेशोत्सवाची वर्गणीवही मिळून संगणकावर एकच यादी करण्याचे काम कार्यकारिणीने हाती घेतले आहे. येती निवडणूक याच यादीवर होणार, तेव्हा काम आवश्यकच. मात्र एका व्यक्तीच्या दोन नोंदी सापडल्या तर 'ताजी ठेवावी, जुनी काढावी' हा सरसकट नियम आम्हांस मान्य नाही.

ताजी नोंद पत्त्यापुरती आणि फोन नंबरपुरती खरी. जन्मतारखेचा ताजेपणाशी काय संबंध? ती दाखल्यावरूनच घ्यावी. आडनावाचे तर विचारूच नका. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या सरकारी कागदांत 'ळ' सहसा टिकत नाही. इंग्रजीतून हिंदीत जाताना काळ्यांचे 'काले' होतात. वर्गणीवहीत कोणी घाईने 'काले' लिहिले, म्हणून जुन्या रजिस्टरात स्वहस्ते 'काळे' अशी सही करणाऱ्याचे नाव आपणच पुसायचे? यादीत 'काळे'च राहावे. शेजारच्या रकान्यात 'सरकारी कागदांवर काले' असे लिहावे. ओळख पटवायला तेही लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या माहेरच्या-सासरच्या नोंदी जोडतानाही कोणते नाव ठेवायचे, हे त्यांनाच विचारावे. यजमानांना नव्हे.

याहून मोठा धोका भलत्याच नोंदी जुळवण्याचा. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. विनायक गोपाळ, त्यांचे चिरंजीव गोपाळ विनायक, आणि नातू पुन्हा विनायक गोपाळ! आडनाव एक, वाडा एक. जन्मसाल न पाहता या दोघांना एक केले आणि आजोबा दिवंगत असले, तर धडधाकट नातूही कागदोपत्री दिवंगत. मतदानाच्या दिवशी त्याने दाद कोणाकडे मागायची?

मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी मतदारयादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा घरोघरी हीच धास्ती होती. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एका माणसाचे नाव दोनदा नोंदवता येत नाही, हे रास्तच. पण त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात, अपात्र ठरवून नाव वगळण्यापूर्वी त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असेही सांगितले आहे. सरकारला जे बंधन, ते मंडळाला का नसावे?

जोडलेल्या प्रत्येक नोंदीपुढे कोणती माहिती कुठून घेतली ते लिहावे. कच्ची यादी महिनाभर वाचनालयात लावावी. आणि जुनी रजिस्टरे, यादी पक्की झाल्यावरही, रद्दीत जाऊ नयेत.