वाटसरूचा हक्क

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. सोने, चांदी, रोकड, दुकानातला माल यांची बेरीज करायची आणि अडीच टक्के वाटा बाजूला काढायचा. तो कोणाला द्यायचा हे कुरआनातील सूरह तौबाने ठरवून दिले आहे. एकूण आठ हक्कदार. त्यातले गरीब आणि कर्जबाजारी सर्वांना आठवतात. शेवटचा मात्र सहसा विसरला जातो. तो म्हणजे ‘इब्नुस्सबील’, शब्दशः वाटेचा पुत्र. घरापासून दूर, वाटेत अडलेला माणूस.

हा शब्द अरबस्तानच्या वाळवंटातला आहे. तिथले भटके मेंढपाळ म्हणजे बदू. तंबूपाशी अनोळखी माणूस आला की आधी पाणी, मग आसरा, चौकशी नंतर. कारण आजचा यजमान उद्या स्वतःच वाटसरू होणार असे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण बनू साद टोळीच्या हलीमा यांच्याकडे अशाच वस्तीत गेले. पुढे त्यांनी मक्केतल्या लोकांच्या शेळ्यामेंढ्याही राखल्या. पाहुण्याचा तीन दिवसांचा हक्क त्यांनी सांगितला. जवळ जास्तीचे पाणी असून वाटसरूला नाकारणाऱ्यावर अल्लाहची कृपादृष्टी होणार नाही, असा इशाराही हदीसमध्ये आहे.

आज त्याच पाहुणचाराचे पर्यटन झाले आहे. जॉर्डनमधले वादी रम हे वाळवंट 2011 पासून जागतिक वारसा यादीत आहे. मित्रांचे गट तिथे जातात, बदू वाटाडे त्यांना जीपमधून किंवा उंटावरून फिरवतात आणि रात्री तंबूत मुक्काम होतो. वाळूत पुरलेल्या भट्टीत मांस आणि भाज्या शिजवतात, त्याला ‘जर्ब’ म्हणतात. आपल्याकडच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्यांचाच तो भाऊबंद. आखातात कामाला गेलेली आपली मुलेही वाळवंटातल्या रात्रीचे फोटो घरी पाठवतात. यात वाईट काही नाही. बदूंनाही त्यातून रोजगार मिळतो.

पण तशीच रात्र आपल्या शिवारातही असते. पावसाळा सरला की मेंढपाळांचे तांडे विदर्भात उतरतात. कोणी खानदेशातले धनगर, कोणी उंटांसह आलेले काठेवाडी. घोड्याच्या नाहीतर उंटाच्या पाठीवर संसार, त्यावरच चालू न शकणारी कोकरे. तिथल्या तंबूवाल्याला आपण पैसे मोजून ‘यजमान’ म्हणतो. इथल्याला मात्र पहिला प्रश्न असतो, ‘कुठून आले, कधी जाणार?’ गावात चोरी झाली की संशयही आधी पालावरच जातो.

शेतकऱ्यांची तक्रार खोटी नाही. उभ्या हरभऱ्यात कळप शिरला तर वर्षाचे नुकसान होते. ज्ञानगंगा अभयारण्यात चराईला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण हेही आपलेच शेतकरी सांगतील की शेतात मेंढ्या बसवल्या तर लेंडीखत जागेवर मिळते. त्यासाठी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देण्याची रीत जुनी आहे. बागायत वाढली, तारेची कुंपणे आली, पडीक रान कमी झाले. तांड्यांची वाट अरुंद झाली ती अशी. नुकसान झाले तर भरपाई जरूर मागावी. संशय मात्र पुराव्यावाचून घेऊ नये.

वाटसरूची सेवा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते, तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवण आणि मुक्काम देतात. होळीच्या सुमारास सैलानीच्या यात्रेत सर्व धर्मांचे लोक उघड्या माळावर राहुट्या टाकतात आणि कोणी कोणाची जात विचारत नाही. जो मान आपण यात्रेकरूला देतो, तो पोटासाठी चालणाऱ्याला का देत नाही?

जकात गरजू मुसलमानांसाठी आहे, असे बहुतेक उलेमा मानतात. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, याला तशी अट नाही. ते कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येते. शिवाय वाटसरूला लागते ते फार थोडे असते. उन्हाळ्यात माणसांना आणि जनावरांना पाणी, आजारी लेकरासाठी दवाखान्यापर्यंत सोबत, रात्रीपुरती हक्काची जागा. मशिदीच्या कमिटीने आणि ग्रामपंचायतीने मिळून गावाबाहेर एक हौद भरून ठेवला तरी मोठे काम होईल.

रमजानमध्ये प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. प्रवास म्हणजे कष्ट, हे त्यात गृहीत धरलेले आहे. बारा महिने प्रवासात असणाऱ्यांना आपण निदान पाण्याला नाही म्हणू नये. दिवसभर तहान सोसणाऱ्याला एवढे तरी कळायला हवे.